तळ्यावरचा वारा कुणाच्या बापाचा?

आज पुण्यात पाषाणला सिग्नलला थांबले होते. समोर हे भलंमोठं होर्डिंग. २२ मजले, तलावाकाठी, 'दिवसभर तळ्याचा गार वारा'. अशी चीड आली म्हणून सांगू!

अहो, तळं काय वारा तयार करतं? आपल्याकडे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आणि पावसाळ्यात वारा येतो तो पश्चिमेकडून, घाट चढून, टेकड्यांना वळसे घालत. पाण्यावर अडवायला काही नसतं म्हणून तिथे तो जरा मोकळा सुटतो, एवढंच. आणि हे नेमके त्याच्या वाटेत उभे राहणार, वर तोच वारा विकणार!

कॉलेजात मी एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होते. खडकवासल्याच्या पाण्यात शिडाची बोट चालवायचो. शीड फडफडायला लागलं की आम्ही पोरी शिडाकडेच बघत बसायचो, आणि आम्हाला शिकवणारे चीफ ओरडायचे, "ऊपर क्या देख रही हो? किनारा देखो, किनारा!" टेकडीच्या आडोशाला गेलो की शीड मेल्यासारखं लोंबायचं. दोन टेकड्यांमधल्या फटीसमोर आलो की असा फटका, की बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, डोक्यावरून सटकन पलीकडे. पाण्यावर बारीक सुरकुत्यांचा काळपट पट्टा सरकत येताना दिसायचा. तो पोचायच्या आत दोरी ढिली करायची, नाहीतर सगळे पाण्यात.

टेकड्याही वारा अडवतातच की, मान्य. पण टेकडीला उतार असतो, वारा तिच्या अंगाला धरून चढतो-उतरतो. इमारतीला धार असते. धारेवर वारा तुटतो आणि मागे नुसते भोवरे. ढोबळ हिशोबाने उंचीच्या दहापट अंतरापर्यंत तरी तो विस्कटलेला राहतो. ७० मीटरची इमारत, म्हणजे ७०० मीटर! पाषाणचं तळं आहे केवढंसं? पूर्वेच्या काठावर बांधलं तरी सुटका नाही, समोर भिंत आली की वारा अलीकडेच वर उचलला जातो. आणि टॉवरांची रांग असली की मधल्या फटींतून असा घुसतो की खाली पार्किंगमधल्या गाड्यांची कव्हरं उडतात. चीफना दाखवायला हवं होतं हे. त्यांनी बोट लांबूनच वळवली असती.

इमारत वाऱ्यात टिकावी म्हणून आयएस ८७५ हे भारतीय मानक आहे. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरतात. उत्तम. वारा इमारतीचं काय करेल ते बघायला इंजिनियर आहेत. इमारत वाऱ्याचं आणि पलीकडच्या पाण्याचं काय करेल, ते कोण बघतंय? वाऱ्याने पाणी ढवळतं, त्यात हवा मिसळते. जलपर्णी तळ्याला मिळणाऱ्या रामनदीतल्या सांडपाण्यामुळे येते, बिल्डरमुळे नाही, बरं. पण पाणी निपचित पडलं तर भलं कुणाचं? जलपर्णीचं आणि डासांचंच ना?

लोकांना घरं हवीत, कळतं मला. आमचा दादा अकराव्या मजल्यावर राहतो. घर घेतलं तेव्हा वहिनीला पडदे बांधून ठेवावे लागायचे, इतका वारा. गॅलरीत बसून चहा प्यायला काय मजा यायची! मग समोर दुसरी स्कीम झाली. यंदा त्यांनी हॉलमध्येही एसी लावला.

तेव्हा बुकिंग करणाऱ्यांनो, सॅम्पल फ्लॅट नंतर बघा. मे महिन्यात संध्याकाळी पाच वाजता जा आणि पश्चिमेला किती प्लॉट अजून रिकामे आहेत ते आधी मोजून या.