गुरुवारी या

आज तिसरा गुरुवार. वारसनोंदीच्या कागदासाठी गेलो, तर खिडकीतल्या साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "सोमवारी या." डोकंच फिरलं. म्हणलं, "साहेब, तुम्ही खोटं बोललात." ते अगदी शांत. "काम होईल असं कधी म्हणलो? या म्हणलो होतो. आलात की."

बरोबर आहे हो त्यांचं. चीड त्याचीच आलीय!

लहानपणी आप्पांबरोबर सोलापूरच्या साखर पेठेत कारखानदाराच्या दारात उभा राहायचो. दिवाळीची उचल मागायला. आत मागांचा खडखडाट, आप्पांच्या भुवयांवर सुताचा भुरका. "शनिवारी या." असे तीन शनिवार गेले. परतताना मी विचारलं, "मालक खोटं बोलले ना?" आप्पा म्हणाले, "खोटं कसं? ये म्हणला, आपण आलो."

चौथी शिकलेल्या माझ्या बापाचं हे वाक्य डेन्मार्कच्या योर्गेन योर्गेनसन या तत्त्वज्ञानं 1937-38 मध्ये लेख लिहून मांडलंय. विधान खरं किंवा खोटं असतं, आज्ञा यातलं काहीच नसते. अनुमान म्हणजे खऱ्यावरून खरं काढणं, मग आज्ञेवरून ते निघायलाच नको. पण निघतं! त्याचंच उदाहरण: दिलेला शब्द पाळ, हा तू दिलेला शब्द आहे, म्हणून हा पाळ. झाला पेच. आमच्या खिडकीला पेचच नाही, तिथं शब्द देतच नाहीत. शाळेत आज्ञार्थ-विध्यर्थ घोकून घेतले, हे कुणी सांगितलं नाही.

1941 मध्ये डेन्मार्कच्याच आल्फ रॉस या कायद्याच्या तत्त्वज्ञानं आणखी एक काडी टाकली. "पत्र टाकलं" हे खरं असेल तर "पत्र टाकलं किंवा जाळलं" हेही खरंच. पण "पत्र टाक" यातून "टाक किंवा जाळ" निघतं का? नाही ना? माझ्या अर्जाच्या बाबतीत बहुतेक निघालंय.

असो. त्या साहेबांच्या डोक्यावरही कुणी साहेब असेल, मान्य. आणि आई "जेवून जा" म्हणते त्यालाही खरं-खोटं नसतंच. पण तिथं ताट वाढलेलं असतं राव. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही.

चौथ्या शनिवारी आप्पा मला घरीच ठेवून एकटे गेले होते. मी केवढा रडलो होतो तेव्हा.

आज निघताना मुद्दाम विचारलं, "सोमवारी काम होईल का? हो की नाही, तेवढंच सांगा."

"तुम्ही या तर खरं," म्हणाले.