ती गाडी आमची नाही

यापुढे आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीही ‘बघा युरोपातली रेल्वे, नाहीतर आपल्याकडे’ असं लिहून त्या लांब नाकाच्या गाडीचा व्हिडिओ टाकला, तर मी ग्रुप सोडणार आहे. काका असोत, मामा असोत, सांगून ठेवते.

गाडी जोरात पळते, त्याबद्दल वादच नाही. १९८१ साली पॅरिस-लिऑन टीजीव्ही, म्हणजे फ्रेंचांची वेगवान गाडी, सुरू झाली. २००७ मध्ये फ्रेंचांनी चाचणीत ताशी ५७४.८ किलोमीटरचा वेग काढून दाखवला. स्पेनने १९९२ला माद्रिद-सेव्हिलपासून सुरुवात केली आणि आज वेगवान रेल्वेमार्गांच्या लांबीत चीनच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागतो. सगळं मान्य. पण ही सगळी मर्दुमकी आपापल्या अंगणात हो! शेजाऱ्याच्या हद्दीत गाडी न्यायची म्हटलं की यांच्या तोंडचं पाणी पळतं. आणि आम्ही इथे युरोपात राहणारी माणसं त्या हद्दीवर, बॅगा घेऊन, उभी.

आई-बाबा साताऱ्याहून आले होते. बाबांना रेल्वेचं भयंकर वेड, त्यामुळे ‘विमान-बिमान काही नको, बार्सेलोनाला गाडीनेच जाऊ’ असं त्यांनी तिकडूनच फर्मान काढलं होतं. मलाही वाटलं, चला, खिडकीतून देश बघतील. झालं. तिकिटं काढायला बसले आणि डोक्याची मंडई झाली. तीन देश, तीन कंपन्या, तीन संकेतस्थळं, तीन पासवर्ड. एकीची तिकिटं केव्हाच विक्रीला लागलेली, दुसरीची अजून उघडलेलीच नाहीत. तिसरीची उघडेपर्यंत पहिलीचे स्वस्त दर संपलेले. म्हणजे पहिलं तिकीट आधी काढायचं आणि पुढची गाडी मिळेल अशी देवाला प्रार्थना करायची. एक संकेतस्थळ दोन आडनावं मागतं, दुसरं रिकामं ठेवलं तर पुढे सरकतच नाही. शेवटी माहेरचं आडनाव टाकलं तेव्हा साहेब खूश झाले. मग कार्ड नाकारलं. मग कार्ड घेतलं, पैसेही गेले, आणि तिकीट मात्र आलं नाही. ते नंतर आलं, तोवर माझं जेवण गार.

हेच विमानाने जायचं असतं तर? एक पान, एक तिकीट. एवढंच नाही, ते स्वस्तही पडलं असतं. आता हे कसं, तर विमानाच्या इंधनावर कर नाही, आंतरराष्ट्रीय विमान तिकिटावर व्हॅट नाही. आणि जर्मनीतून शेजारच्या देशात जाणाऱ्या गाडीच्या तिकिटावर, जर्मन हद्दीतल्या अंतरापुरता का होईना, व्हॅट आहेच. वर रेल्वे कंपन्यांना रुळ वापरायचं भाडं भरायचं असतं, ते वेगळं. आणि हेच सरकारी लोक आम्हाला सांगणार, पर्यावरणासाठी विमान टाळा! एका हाताने विमान उडवायचं आणि दुसऱ्या हाताने आमच्या तोंडासमोर बोट नाचवायचं.

असो. निघालो. पहिली गाडी पन्नासेक मिनिटं उशिरा पोचली आणि पुढची सुटली होती. यात नवल काहीच नाही, उशीर कुठे होत नाही? खरी गंमत पुढे. बाबांनी सगळी तिकिटं छापून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये क्रमाने लावून आणलेली. पहिल्या कंपनीच्या खिडकीवरच्या माणसाने काचेखालून कागद घेतला, दोन बोटांनी फिरवून बघितला आणि तसाच परत सरकवला. ‘ती गाडी आमची नाही.’ बरं, मग ज्यांची आहे त्यांच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, ‘आमची गाडी तर वेळेवर सुटली.’ तेही खरंच! त्यांचं तिकीट बदलून न मिळणारं, म्हणून ते वाया गेलं. बाबा मला विचारताहेत, ‘अगं, पण पैसे तर आपण भरलेत ना?’ मी त्यांना काय समजावू? आई बॅगेवर बसून दशम्यांचा डबा उघडत होती, तिला बहुतेक आधीच कळलं होतं की मुक्काम इथेच आहे. नवी तिकिटं काढली. आकडा इथे लिहीत नाही, बाबा हे वाचतील.

यावर हुशार मंडळी लगेच म्हणतात, युरोपात प्रवाशांचे हक्क किती चांगले आहेत! हो, आहेत. कागदावर. गाडी ६० मिनिटं उशिरा पोचली तर भाड्याच्या २५ टक्के परत, १२० मिनिटं झाली तर ५० टक्के. आमची गाडी पन्नास मिनिटं उशिरा. म्हणजे शून्य. पुढची गाडी चुकली, दिवस गेला, हॉटेलची रात्र बुडाली, तरी शून्य, कारण तिकिटं वेगवेगळ्या कंपन्यांची आणि कायद्याच्या नजरेत ते वेगवेगळे प्रवास. आम्ही म्हणे तीन स्वतंत्र सहली काढल्या होत्या. आधी एका फलाटापर्यंत जाऊ, तिथला वारा खाऊ, मग मूड आला तर स्पेनला जाऊ, असं काहीसं.

आणि काही कंपन्यांचा आपसात एक ऐच्छिक समझोताही आहे बरं का. पहिल्या गाडीच्या गार्डाकडून उशीर झाल्याचा शिक्का मारून घ्यायचा आणि मग पुढची कंपनी नंतरच्या गाडीत घेते. हे मला कधी कळलं? घरी आल्यावर. गाडीत कुणी सांगितलं? कुणीही नाही. ही सोय कुठे लपवून ठेवायची याचंच यांना खास प्रशिक्षण देत असतील.

आता आपल्याकडचं सांगते, आणि काकांनी हे नीट वाचावं. मांडवी एक्सप्रेस सीएसएमटीहून सुटते. मध्य रेल्वेची हद्द रोह्याला संपते आणि पुढे कोकण रेल्वे महामंडळाची लागते. वेगळी संस्था, वेगळा कारभार. मडगावला उतरणाऱ्या एका तरी माणसाला रोह्याला काही जाणवतं का? कुणी उठवून म्हणतं का, की यापुढची गाडी आमची नाही? एक तिकीट, एक पीएनआर, विषय संपला. २०१९ पासून तर दोन गाड्यांचे पीएनआर जोडता येतात आणि पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर तिचे पैसे परत मिळतात. आपल्याकडे गाड्या वेळेवर धावतात असं मी म्हणत नाहीये, मी काय चंद्रावरून आलेली नाही. पण आपलं हे साधं कामही काही कमी नाही, एवढंच.

बरं, गाड्या थेट का नेत नाहीत, तर म्हणे फार अडचणी आहेत. आहेत खऱ्या. जर्मनी-ऑस्ट्रियात तारेत १५ हजार व्होल्ट, फ्रान्सच्या नव्या मार्गांवर २५ हजार, बेल्जियमच्या जुन्या मार्गांवर ३ हजार, हॉलंडच्या दीड हजार. पॅरिस, ब्रसेल्स, कोलोन, अ‍ॅमस्टरडॅम एवढी चार गावं जोडायला चार प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या बनवाव्या लागल्या. सिग्नलची पद्धत प्रत्येकाची निराळी. स्पेनचे जुने रुळ १६६८ मिलिमीटरचे, बाकी बहुतेकांचे १४३५चे. वैमानिक जगभर इंग्रजीवर काम चालवतात, पण रेल्वेच्या चालकाला ज्या देशातून जायचं त्या देशाची भाषा यायलाच हवी, नाहीतर सीमेवर चालक बदला. पण चाळीस वर्षं हेच कारण? चाळीस वर्षांत माणूस संसार करून निवृत्तही होतो.

आणि जिथे अडचण सोडवली तिथली तऱ्हा ऐका. फ्रान्स-स्पेन सीमेवर पर्पिन्यान ते फिगेरेस असा नवा मार्ग बांधला, मध्ये आठ किलोमीटरचा बोगदा. २००९च्या सुरुवातीला सगळं तयार. गाडी? स्पेनकडचा मार्गच झाला नव्हता. पहिली गाडी धावली २०१०च्या डिसेंबरात, तीही फिगेरेसपर्यंत, आणि बार्सेलोनापर्यंत रुळ जोडायला २०१३ उजाडलं. मार्ग चालवणारी कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली. आजही मोंपेलिए ते पर्पिन्यान हा तुकडा जुन्याच रुळांवर आहे, गाडी तिथे आपली रमतगमत. डच-बेल्जियनांनी ‘फिरा’ नावाची गाडी आणली, २०१२च्या डिसेंबरात सुरू केली आणि जानेवारीत बंद! बर्फात गाडीखालचे भाग निखळून पडायला लागले. महिना-सव्वा महिन्याचा खेळ. गाड्या साभार परत इटलीला.

मिलान-पॅरिस तर आणखी भारी. २०२३च्या ऑगस्टमध्ये आल्प्समधल्या मोरिएन खोऱ्यात दरड कोसळली आणि थेट गाडीचा तो रेल्वेमार्ग २०२५च्या मार्चअखेरपर्यंत बंद. दीड वर्षाच्या वर थेट गाडीच नाही! पर्यायी लिऑन-तुरिन मार्ग १९९४ साली जर्मनीतल्या एसेनला युरोपीय नेत्यांच्या बैठकीत ठरलेल्या १४ प्राधान्य प्रकल्पांच्या यादीत होता. प्राधान्य! त्याचा ५७ किलोमीटरचा बोगदा अजून खणताहेत, २०३३ची तारीख देतात. कोकणात पावसाळ्यात दरड कोसळली की आमचे काका दोन दिवसांत रेल्वेमंत्र्यांचा राजीनामा मागतात.

मीच किरकिरी म्हणून बडबडतेय असं वाटत असेल, तर युरोपियन युनियनच्याच हिशेबतपासनीसांचं ऐका. युरोपियन कोर्ट ऑफ ऑडिटर्सने २०१८ साली सांगितलं की २००० पासून २३.७ अब्ज युरो ओतले, तरी हे जाळं नव्हे, निष्प्रभ ठिगळकाम आहे. तपासलेल्या मार्गांवर गाड्या सरासरी क्षमतेच्या जेमतेम ४५ टक्के वेगाने धावत होत्या. हे मी नाही म्हणत. पैसे देणारेच म्हणतात.

आणि कौतुक तर किती! २०२४च्या डिसेंबरात बर्लिन ते पॅरिस दिवसा थेट जाणारी वेगवान गाडी सुरू केली तर केवढा गाजावाजा. आठ तास लागतात. फ्रान्सकडे १९८१ पासून आणि जर्मनीकडे १९९१ पासून वेगवान गाड्या, आणि दोन राजधान्या अशा जोडायला २०२४! ब्रसेल्स-लक्झेंबर्ग ही तर युनियनच्याच कचेऱ्यांची शहरं, अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि गाडीला तीन तासही पुरत नाहीत. साहेब लोक स्वतः त्या गाडीने जात नसणार. नाहीतर कधीच सुधारली असती.

आता म्हणे सगळ्या कंपन्यांचं एकच तिकीट मिळेल असा कायदा करणार. २०२४ मध्ये युरोपियन कमिशनच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन बाईंनी तसं आश्वासन दिलं. २०२५च्या नोव्हेंबरमध्ये वेगवान रेल्वेचा नवा आराखडाही आला, २०४० पर्यंतचा. २०३० पर्यंत वेगवान मार्गांची लांबी तिप्पट करू, असा संकल्प २०११ मध्ये सोडला होता, त्याचं काय झालं ते कुणी विचारायचं नाही.

बाबांना पुढच्या वर्षी माद्रिदहून लिस्बनला जायचंय. दोन राजधान्या, सरळ रेषेत पाचशे किलोमीटर, एकच युनियन, एकच चलन, आणि २०२० साली रात्रीची गाडी बंद केल्यापासून थेट गाडी एकही नाही. ‘अगं, बघ तरी, असेल एखादी,’ म्हणून रोज फोन. बाबा, नाहीये. मी विमानाची तिकिटं काढली आहेत आणि यावर मला एक शब्दही ऐकायचा नाही.