उकळलेलं पाणी, ओलं फडकं आणि बाळाची बाटली: एका प्रतिक्रियेला उत्तर

मायक्रोप्लास्टिक, म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण, पोटात आणि श्वासात कमी जावेत म्हणून मी पाणी उकळून गाळायला, ओल्या फडक्याने पुसायला आणि बाळाची बाटली जपून वापरायला सुचवलं होतं. त्यावरच्या तुमच्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचे आक्षेप तीन आहेत: उकळल्याने प्लास्टिक नष्ट होत नाही, रोज केर काढतोच तर ओल्या फडक्याचा आग्रह कशाला, आणि अपाय सिद्ध झालेला नसताना लोकांना घाबरवता का.

प्लास्टिक उकळून नष्ट होत नाही, हे बरोबरच. काम करतात ते पाण्यातले क्षार. जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम कार्बोनेट तळाशी पांढरा थर धरतं आणि प्लास्टिकचे बारीक कण त्यात अडकतात. २०२४ साली चीनमधल्या संशोधकांनी पाणी ५ मिनिटं उकळून हे मोजलं. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार असलेल्या पाण्यातले ९० टक्क्यांपर्यंत कण कमी झाले, क्षार कमी असलेल्या पाण्यातले जेमतेम २५ टक्के. म्हणजे तुमच्याकडचं पाणी हलकं असेल तर या खटाटोपातून फारसं हाती लागणार नाही. जड असेल तर उकळलेलं पाणी पूर्ण निवू द्या, भांडं न हलवता वरचं पाणी कागदी गाळणीतून ओता, तळचं दोन बोटं पाणी टाकून द्या. बहुतेकांचं इथेच चुकतं. घाईने ओतलं की गाळ ढवळला जातो आणि सगळी मेहनत वाया जाते. भांडं स्टीलचं घ्या, आतून प्लास्टिक असलेली किटली नको.

केराचं म्हणाल तर कोरड्या झाडूने जाडा कचरा निघतो. पडदे, सोफा, कपड्यांतून सुटलेले पॉलिएस्टरचे तंतू मात्र हवेत उडतात, श्वासात जातात आणि उरलेले पुन्हा खाली बसतात. पंखा बंद करा. सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा, कपाटाच्या माथ्यापासून खाली या, घडीची बाजू मळली की पालटा. फडकं ठिबकत असेल तर धूळ नुसती पसरते. मायक्रोफायबरचं फडकं घेऊ नका, तेही बहुधा पॉलिएस्टरचंच असतं.

अपायाबद्दलचा पुरावा अपुरा आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ आणि २०२२ च्या अहवालांत म्हटलंय. निर्धोक असल्याची ग्वाही मात्र त्यांनीही दिलेली नाही. म्हणून प्लास्टिकचे सगळे डबे फेकून द्या असं मी म्हणत नाही. त्यांत कोरडं धान्य खुशाल ठेवा. फरक पडतो तो उष्णतेने. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या दुधाच्या बाटलीतल्या पाण्याचं तापमान २५ वरून ९५ अंशांवर नेल्यावर लिटरमागे कण ६ लाखांवरून साडेपाच कोटींवर गेले. बाळाची बाटली उकळून निर्जंतुक केलीत की उकळून निववलेल्या पाण्याने तीनदा विसळा. पावडरचं दूध काचेच्या भांड्यात, किमान ७० अंशांच्या पाण्यात कालवा, कोमट झाल्यावरच बाटलीत भरा आणि भरलेली बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका.