साहेब, संप असा घडवून आणावा

विमान कंपनीची खुर्ची मिळाल्याबद्दल अभिनंदन! पहिल्याच आठवड्यात सगळ्या वैमानिकांना एक पत्र धाडा. त्यात 'कुटुंब' हा शब्द तीनदा तरी यायला हवा. एकदा कुटुंब म्हटलं की पगाराचं नाव काढणारा आपोआप कृतघ्न ठरतो.

कुटुंबात तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा असतो. नफ्याचं नंतर बघता येईल. या बाबतीत २००३ सालच्या अमेरिकन एअरलाइन्सचा कित्ता गिरवा. दिवाळखोरी दाराशी येऊन ठेपली आहे असं सांगून त्यांनी कर्मचाऱ्यांकडून वर्षाला सुमारे १.८ अब्ज डॉलरच्या सवलती पदरात पाडून घेतल्या. वरिष्ठ साहेबांनी सोडून जाऊ नये म्हणून ठरलेले बोनस आणि त्यांच्या पेन्शनसाठी राखून ठेवलेला पैसा मात्र या सवलतींवर कर्मचाऱ्यांचं मतदान उरकेपर्यंत गुलदस्त्यातच राहिला. पुढे कागद बाहेर आले, बोभाटा झाला आणि प्रमुख डॉन कार्टी यांना पायउतार व्हावं लागलं. तेव्हा कागद जरा जपून ठेवत जा. यातून याहून वेगळा धडा घ्यायचं काही कारण नाही.

वैमानिक सोडून जातील अशी धास्ती बाळगू नका. बहुतेक मोठ्या कंपन्यांत कोणतं विमान, कोणता मार्ग, दिवाळीत सुट्टी की ड्युटी, हे सगळं सीनिऑरिटीच्या यादीवर ठरतं आणि ती यादी दुसरीकडे नेता येत नाही. पंधरा वर्षं घालवलेला कॅप्टन नव्या कंपनीत गेला की कालच्या पोराच्याही खाली जाऊन बसतो. त्यात अनेक अमेरिकी कंपन्यांत उड्डाणाच्या पैशांचं घड्याळ विमान गेटवरून हललं की मगच सुरू होतं. धुक्यामुळे दोन तास खोळंबलेल्या विमानात इंधनाचा हिशेब पुन्हा मांडणारा आणि चौथ्यांदा प्रवाशांची माफी मागणारा माणूस त्या घड्याळाच्या लेखी अजून कामाला लागलेलाच नसतो. ज्याला जाताही येत नाही आणि राहवतही नाही, तो काय करील, असले विचार मनात आणून झोप खराब करू नका.

तरीही कुणी संघटना काढायला निघालाच, तर त्याला घरी बसवा. जेट एअरवेजने २००९ मध्ये असं दोघांच्या बाबतीत करून पाहिलं. सप्टेंबरात शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारी पडले. पाचेक दिवस साथ चालली. त्या दोघांना परत घ्यायचं ठरताच सगळे रोगी खडखडीत बरे झाले. इतका रामबाण उपाय हाताशी असताना तो आधीच का नाही वापरला, असं विचारणारे लोक व्यवस्थापनशास्त्र शिकलेले नसतात.

आता खरे मालक, म्हणजे गुंतवणूकदार. यांना चुकूनही दुखवू नका. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने करार संपायच्या आतच वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांचे पगार वाढवले. शेअर एका दिवसात सुमारे पाच टक्क्यांनी घसरला. पुन्हा कामगारांनाच आधी वाढलं आणि भागधारकांच्या ताटात उरलंसुरलं आलं, अशा अर्थाची कुरकुर एका बड्या बँकेच्या विश्लेषकाने केली. बिचारे! त्याच वर्षी कंपनीचे प्रमुख डग पार्कर म्हणाले होते की आपण यापुढे कधी तोट्यात जाऊ असं आपल्याला वाटत नाही. कंपनी स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यावर अब्जावधी डॉलर उधळत राहिली. २०२० साली तोटा झाला ८.९ अब्ज डॉलर. मग पगार भागवायला सरकारी मदत घ्यावी लागली. ज्यांचे पगार वाढवले म्हणून बाजार रुसला होता, त्यांचेच पगार. करदाता मात्र भागधारकासारखी कुरकुर करत नाही, हा मोठाच फायदा.

संपाचा मुहूर्त काढायला पंचांग लागत नाही, ऐन सुट्टीचा हंगाम पुरतो. एसएएस या स्कँडिनेव्हियन कंपनीने महामारीत वैमानिकांना कमी केलं आणि हंगाम परतल्यावर त्यांना बोलावण्याऐवजी नव्या उपकंपन्यांत नव्या अटींवर भरती सुरू केली. ४ जुलै २०२२ ला संप सुरू झाला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. पंधरा दिवसांनी तडजोड झाली, त्यात जुन्या वैमानिकांना परत घ्यायचं कबूल करावं लागलं. म्हणजे जे फुकटात करता आलं असतं, ते रीतसर, खर्च करून केलं.

तुमच्याकडेही शेवटी तडजोड होईलच. 'दोन्ही बाजूंचा विजय' असं पत्रक काढा. फक्त वार्षिक अहवालात संपाचा खर्च 'अपवादात्मक बाबी' या सदरात ढकलता येतो का, हे हिशेबनिसाला आधीच विचारून ठेवा. तुमचा बोनस ज्या नफ्यावर ठरतो, तो ही बाब वगळून मोजत असतील, तर पुढच्या करारालाही असेच सामोरे जा.