मार्क लुईसची कीव का येते: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. 'पीपिंग टॉम' या मायकेल पॉवेलच्या 1960 सालच्या ब्रिटिश सिनेमावरचं, त्यातल्या मार्क लुईस या खुन्यावरचं माझं टिपण वाचून तुम्ही रामबागेतल्या घरी सिनेमा लावलात, पहिल्या खुनाशीच सूनबाई उठून गेल्या, तरी तुम्ही शेवटपर्यंत बसलात. आणि मग इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचे आक्षेप असे: हा सिनेमा खुन्याची कीव करायला लावतो, त्याच वर्षी हिचकॉकचा 'सायको' तुफान चालला, म्हणजे मायकेल पॉवेल आपटला तो स्वतःच्याच दोषाने, शिवाय तो पुढेही सिनेमे करत राहिला, मग मी त्याला हुतात्मा का करते?

कीव येते, आणि ती यावी अशीच रचना आहे. मार्क स्टुडिओत फोकस पुलर आहे, म्हणजे चित्रीकरणात कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा. त्याचा बाप मानसशास्त्रज्ञ. भीतीचा अभ्यास म्हणून तो पोराला रात्री झोपेतून उठवायचा, अंथरुणावर सरडा टाकायचा आणि पोर घाबरलं की त्याचं चित्रीकरण करायचा. मोठा झालेला मार्क तेच बायकांशी करतो: ट्रायपॉडच्या पायात पातं, कॅमेऱ्यावर आरसा, मरणाऱ्या बाईने स्वतःचीच भीती बघावी म्हणून. त्या जुन्या फिल्ममधल्या बापाचं काम पॉवेलने स्वतः केलं आणि लहान मार्क म्हणून स्वतःच्या मुलाला उभं केलं. अनेकांना हे किळसवाणं वाटलं. मला हा सिनेमातला सर्वात प्रामाणिक निर्णय वाटतो. कॅमेरा हाती धरणारा माणूस इथे आरोपींच्या रांगेत स्वतःहून जाऊन उभा राहतो.

पण कीव म्हणजे माफी नाही. मार्कच्या हातून मरणारी, मॉइरा शिअररने केलेली व्हिव्हियन आठवा. रिकाम्या स्टुडिओत ती किती आनंदाने नाचते! तिला चेहरा आहे, हौस आहे, मोठं होण्याची आशा आहे. मार्कला सोडून द्यायचं असतं तर पॉवेलने आपल्याला तिच्यात इतकं गुंतवलं नसतं.

तुम्ही नाटकवेडे आहात, म्हणून तेंडुलकरांच्या 'गिधाडे'चा दाखला देते. 1970 साली ते रंगमंचावर आलं तेव्हा सभ्य माणसं अशीच बिथरली होती. तिथेही बापाच्या घरातच पोरांची गिधाडं होतात. रमाकांत-उमाकांत का असे झाले हे कळलं म्हणून त्यांचं क्रौर्य आपल्याला एका रतीनेही कमी वाटत नाही. मग मार्कच्या बाबतीत हा वेगळा न्याय का?

आता 'सायको'. तो थोर आहेच, वादच नाही. त्यातला मोटेलवाला नॉर्मनही भिंतीच्या भोकातून बघतो. पण तिथे खुनी कोण हे शेवटपर्यंत झाकलेलं असतं, आणि उलगडा झाल्यावर एक मानसोपचारतज्ज्ञ येऊन सगळं समजावून सांगतो. आपण सुटतो. रक्तसुद्धा कृष्णधवल. पॉवेलकडे खुनी पहिल्याच प्रसंगात कळतो, कारण आपण त्याच्याच व्ह्यूफाइंडरमधून बघत असतो. लगेच तो आपल्या खोलीत तीच फिल्म लावून बसतो, आणि आपण त्याच्यासोबत ती दुसऱ्यांदा बघतो, या वेळी कृष्णधवल. पॉवेल प्रेक्षकाला वेगळी खुर्ची देतच नाही. सूनबाई उठून गेल्या त्या याच ठिकाणी ना? त्यांना सिनेमा बरोबर कळला असं मी म्हणेन.

लंडनच्या समीक्षकांनी एप्रिल 1960 मध्ये तो पाहिला आणि तुटून पडले. एकाने तर जवळच्या गटारात वाहून टाका असं लिहिलं. वितरकांनी तो घाईने काढून घेतला. जूनमध्ये अमेरिकेत 'सायको' लागला तेव्हा हिचकॉकने समीक्षकांना आधी खेळच दाखवला नव्हता. दोघांच्या नशिबातला फरक मोजताना हेही धरायला हवं.

पुढच्या सिनेमांबद्दल तुमचं म्हणणं तपशिलाला धरून आहे. 1961 साली इंग्लंडमध्ये एक आला, मग ऑस्ट्रेलियात जाऊन 1966 आणि 1969 साली दोन. एमरिक प्रेसबर्गर या जोडीदारासोबत सिनेमे करण्याची भागीदारी तर 1957 मध्येच संपली होती, त्यामुळे उतार आधीच लागला होता. पण 'द रेड शूज'सारखा गाजलेला सिनेमा करणाऱ्या माणसाला पन्नाशीत, हात चालत असताना, मायदेशात मोठं काम मिळणं जवळपास बंद झालं. 1979 साली अमेरिकन दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीच्या पुढाकाराने हा सिनेमा न्यूयॉर्कच्या महोत्सवात पुन्हा दिसला, तेव्हा पॉवेल सत्तरी ओलांडून गेले होते. 1990 साली ते वारले. हुतात्मा हा तुमचा शब्द; मी याला अन्याय म्हणते, आणि त्यावर ठाम आहे.

एक विनंती: मार्कच्या घरात भाड्याने राहणाऱ्या आंधळ्या मिसेस स्टीफन्सचा त्याच्या खोलीतला प्रसंग पुन्हा लावून बघा. जिला काही दिसत नाही तिलाच तो सर्वात आधी ओळखता येतो.

सूनबाई आणि नातवंडांसोबत बसून पाहण्यासारखं पॉवेलचं काही आहे का, असंही तुम्ही विचारलंत. 'अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ', 1946 सालचा. त्यात पृथ्वी रंगीत आणि परलोक कृष्णधवल आहे. तो आवडला तर 'ब्लॅक नार्सिसस' लावा. त्यातला सगळा हिमालय त्यांनी इंग्लंडमध्येच उभा केला होता, बहुतेक स्टुडिओत. पण तो थोड्या मोठ्या मुलांसाठी.