हात न मिळवण्याचे कारण ‘अपवित्रता’ नव्हे

नागपुरात धरमपेठेतल्या माझ्या मावशीने एक व्हॉट्सॲप संदेश पाठवून विचारले, “हे खरे आहे का रे?” मुसलमान पुरुष परधर्मीय स्त्रीला अपवित्र मानतात म्हणून तिच्याशी हात मिळवत नाहीत, चुकून स्पर्श झाल्यास हात धुतात, हे सारे कुराणात लिहिले आहे, म्हणून मुलाखतीला आलेल्या मुसलमान उमेदवारापुढे बाईंनी मुद्दाम हात करावा आणि त्याने तो घेतला नाही तर त्याला वाटेला लावावे, असा त्याचा आशय. मावशीची सून मिहानमधल्या एका कंपनीत उमेदवारांच्या मुलाखती घेते, आणि हा संदेश तिलाही ‘उपयोगी’ म्हणून पोहोचला आहे.

अपवित्रतेचा दावा आधी घेतो, कारण बाकीचा सारा डोलारा त्यावर उभा आहे. या प्रथेचा मुख्य आधार ‘सहीह बुखारी’ या हदीससंग्रहातील (पैगंबरांच्या वचनांच्या आणि आचरणाच्या नोंदींतील) पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे कथन आहे: स्त्रियांकडून निष्ठेची शपथ घेताना पैगंबरांनी कधीही त्यांच्या हाताला स्पर्श केला नाही, शपथ केवळ शब्दांनी घेतली. शपथ घेणाऱ्या त्या स्त्रिया मुसलमान होत्या! नियम आहे तो नात्याचा. ज्यांच्याशी विवाह कायमचा निषिद्ध आहे अशा आई, बहीण, मुलगी, आत्या, मावशी यांना तो लागू नाही. मात्र सख्ख्या भावाची बायको आणि चुलतबहीण मुसलमान असूनही त्या नियमात येतात. उलट, एखाद्याने इस्लाम स्वीकारला आणि त्याची आई हिंदूच राहिली, तरी तिच्या स्पर्शाला मनाई नाही. शिवाय हा नियम मुसलमान स्त्रियांनाही तितकाच लागू आहे, हे संदेशात सोयीस्करपणे गाळले आहे.

हात धुण्याच्या गोष्टीत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे आहेत, त्यात अशा स्पर्शाने वजू, म्हणजे नमाजापूर्वी हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी, मोडतो आणि तो पुन्हा करावा लागतो. पण स्वतःच्या बायकोच्या स्पर्शानेही तो मोडतो, आणि झोप लागल्यानेही. आपल्याकडे ज्यांची बहुसंख्या आहे त्या हनफी पंथीयांच्या मते नुसत्या स्पर्शाने वजू मोडतच नाही.

कुराणात हस्तांदोलनाचा थेट उल्लेख नाही; साठाव्या सूरेतील (अध्यायातील) बाराव्या आयतीत (वचनात) स्त्रियांच्या शपथेचा विषय तेवढा आहे. हनफी शास्त्रकारांनी वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत सूट दिली आहे, आणि कित्येक मुसलमान, सदरपासून मोमिनपुऱ्यापर्यंत, कोणाशीही सहज हात मिळवतात. तसे माझ्या आजीनेही जन्मात परपुरुषाच्या हातात हात दिला नव्हता, आणि त्यावरून तिने कोणाला अपवित्र ठरवल्याचे कोणी म्हटले नाही.

उरला मुलाखतीचा सापळा, आणि संताप येतो तो याचाच. एखादा पुरुष सहकारी स्त्रियांशी बोलणेच टाळत असेल, त्यांच्या सूचना ऐकत नसेल, तर तक्रार रास्त आहे आणि ती जरूर करावी. पण छातीवर हात ठेवून, हसून अभिवादन करणाऱ्याचा दोष काय? स्वीडनमध्ये नेमके हेच घडले. दुभाषाच्या कामासाठी मुलाखतीला आलेल्या मुसलमान तरुणीने पुरुष अधिकाऱ्याशी हात न मिळवता छातीवर हात ठेवला, आणि मुलाखत तिथेच थांबवण्यात आली. 2018 मध्ये तिथल्या कामगार न्यायालयाने स्त्री-पुरुषांना समान वागणूक देण्याचा कंपनीचा आग्रह योग्य ठरवला, पण ती हस्तांदोलनानेच दाखवावी ही सक्ती भेदभावाची मानली आणि तरुणीला 40,000 क्रोनर भरपाई देण्याचा आदेश दिला.