‘सरासरीइतका पाऊस’ म्हणजे नेमका कसा?

परवा काकांना फोन केला. लातूर जिल्ह्यात त्यांची चार एकर सोयाबीन आहे. मी म्हटलं, “काका, तुमच्याकडं सरासरी ओलांडली म्हणे यंदा.” ते म्हणाले, “ओलांडली की. पण फुलात असताना तीन आठवडे थेंब नव्हता. आन् काढायला आलं तवा असा लागून राहिला की शेंगेतच कोंब फुटले.”

तेव्हापासून ‘सरासरीइतका पाऊस’ ही बातमी वाचली की राग येतो. पिकाला बेरीज कळत नाही हो, त्याला वेळेवर ओल लागते.

लातूरनं हे एकाच वर्षात पाहिलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं, कारण मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी इतका कोसळला की तेच धरण भरलं.

हे का होतंय? हवा तापतेय म्हणून. ती एक अंश सेल्सिअसनं तापली की साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. पाऊस आला की मग एकदम ओततो, आणि मधल्या उघडिपीत तीच तापलेली हवा जमिनीतली ओल ओढून घेते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. तेही पावसाळी वाऱ्यांचा जोर कमी होत असताना! आपली काळी माती असा पाऊस पिऊ शकत नाही. वरचा थर खरडून जातो, खालचं रान चिभडतं, म्हणजे पाणी साचून चिखल होतो, आणि आठ दिवस वापसा येत नाही, म्हणजे रानात काम करण्याजोगी ओल राहत नाही.

वेळापत्रकही सरकलंय. हवामान खात्यानं २०२० मध्ये तारखा बदलल्या, तेव्हा मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर झाली. म्हणजे परतीचा पाऊस आता नेमका सोयाबीन काढणीच्या दिवसांत. बनीम, म्हणजे कापलेल्या पिकाची गंजी, लावलेली असते, ताडपत्री पुरत नाही. ज्यानं ते भिजलेलं, काळं पडलेलं सोयाबीन हातात घेतलंय त्यालाच कळेल.

आणि मदतीचे नियम? महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी. सलग पाच दिवस चाळीस-चाळीस पडला तर त्यात बसत नव्हता. २०२३ मध्ये ‘सततचा पाऊस’ ही आपत्ती म्हणून मान्य झाली, हे चांगलंच झालं. पण २०२५ मध्ये पीक विम्यातून हंगामातली प्रतिकूल परिस्थिती आणि काढणीनंतरचं नुकसान हे दोन्ही निकष काढून टाकले. आता सगळं पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांतलं पीक कापून, मोजून काढलेल्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर. ओढ्याकाठचं रान वाहून गेलं आणि माळावरचं तरलं, तर सरासरी ठीकच दिसणार. पाऊस जितका तुकड्यातुकड्यानं पडायला लागलाय, तितके आपण जास्त सरासरीकडं चाललोय. हे मला साफ चुकीचं वाटतं.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७४. काढा सरासरी आणि सांगा पूर आलेल्या मिठी नदीकाठच्या माणसाला!

माझी मागणी साधी आहे. सरासरीच्या टक्केवारीच्या शेजारी प्रत्येक मंडळाचे तीन आकडे छापा: पावसाचे दिवस किती, पावसाचा सर्वांत मोठा खंड किती दिवसांचा, आणि एका दिवसात जास्तीत जास्त किती पडला. विम्याचा निकालही त्यावरच लावा.

तुमच्या गावात यंदा सलग किती दिवस उघडीप होती? तालुक्याच्या नावासकट खाली लिहा. काकांच्या वहीत २२ दिवस आहेत.